पेरूची सहल: नकाशा नंतर, उंची आधी

कुस्कोत उतरलो त्याच संध्याकाळी सान ब्लास भागातल्या एका चढाच्या गल्लीत मी सॅक घेऊन पायऱ्या चढत होतो. सह्याद्रीत वीस वर्षं भटकलेला माणूस, कळसूबाई भर पावसात चढलेली. या शंभरेक पायऱ्यांचं काय एवढं! चाळिसाव्या पायरीला भिंतीला टेकून उभा राहिलो. छातीचा भाता झालेला, कानशिलं ठणकत होती. शेजारून एक आजीबाई पाठीवर रंगीत कापडात भाजीचं गाठोडं बांधून, डोक्यावर हॅट घालून, एकदाही न थांबता वर निघून गेल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही, झोप लागली नाही आणि पुढचा दीड दिवस हॉटेलच्या छताकडे बघण्यात गेला.

चूक दमसासाची नव्हती, क्रमाची होती. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. कुस्कोचा मुख्य चौकच ३,४०० मीटरवर, म्हणजे जवळजवळ लेहइतका उंच. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्यावरच्या सुमारे दोन तृतीयांश असतो. व्यायामाने पाय आणि छाती तयार होतात. विरळ हवेची सवय मात्र तिथे राहूनच होते. उलट ज्याला स्वतःच्या ताकदीचा भरवसा असतो तोच पहिल्या दिवशी धावपळ करतो आणि आडवा होतो. म्हणून पेरूला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: नकाशा नंतर उघडा, आधी प्रत्येक मुक्कामाची उंची कागदावर लिहा.

उंचीचा कागद

लिमा समुद्रकाठी. कुस्को ३,४०० मीटर. कुस्कोखालच्या उरुबांबा नदीच्या खोऱ्याला 'पवित्र दरी' म्हणतात, तिथलं ओयांतायतांबो गाव साधारण २,८०० मीटरवर. माचू पिक्चू, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या इंकांचं डोंगरावरचं दगडी शहर, २,४३० मीटर, त्याच्या पायथ्याचं आग्वास काल्येंतेस २,०४० मीटर. ॲमेझॉनच्या जंगलाचं दार असलेलं पुएर्तो माल्दोनादो जेमतेम २०० मीटर. आणि ट्रेक करणार असाल तर साल्कांताय खिंड ४,६०० मीटरच्या वर.

बघा, गंमत इथेच आहे. ज्या माचू पिक्चूच्या धास्तीने लोक गोळ्या घेतात ते कुस्कोहून हजारभर मीटर खाली आहे. त्रास देतं ते कुस्को. तरीही बहुतेक सहली पहिले दोन दिवस कुस्कोतच काढतात, कारण विमान तिथे उतरतं.

मी आता आखून देतो तो पंधरा दिवसांचा क्रम असा. पहिली रात्र लिमात, फक्त झोपायला. आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असल्याने झोपेचे बारा वाजलेलेच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने कुस्को, तासा-सव्वातासाचा प्रवास. विमानतळाबाहेर पडून शहरात न जाता थेट गाडीने ओयांतायतांबो, साधारण दोन तास. तिथे तीन रात्री. पाचव्या दिवशी दुपारच्या रेल्वेने आग्वास काल्येंतेस, सहाव्या दिवशी सकाळी माचू पिक्चू आणि संध्याकाळी परत. सातव्या दिवसापासून कुस्कोत तीन-चार रात्री; एव्हाना शरीर सरावलेलं असतं आणि शहर उपभोगता येतं. त्यातला एक दिवस मुद्दाम मोकळा. मग विमानाने पुएर्तो माल्दोनादो, जंगलात तीन रात्री, परत लिमा, आणि परतीच्या विमानाआधी पुन्हा एक मोकळा दिवस.

जंगल शेवटी का? पाऊस-धुक्यामुळे तिथलं विमान उशिरा सुटू शकतं. जंगल आधी ठेवलंत आणि अडकलात तर माचू पिक्चूचं तारीख-वार ठरलेलं तिकीट बुडतं. शेवटी ठेवलंत तर बुडतो फक्त लिमातला मोकळा दिवस. शिवाय थंड, कोरड्या हवेतून दमट उकाड्यात उतरल्यावर नाकातोंडाला जे बरं वाटतं, त्याचा अनुभव घ्याच.

मोकळे दिवस पाहून घरचे म्हणतील, पैसे वाया. पेरूत संप आणि रास्ता रोको ही नित्याची गोष्ट आहे, त्याला तिथे 'पारो' म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये तर राजकीय आंदोलनामुळे माचू पिक्चू काही आठवडे बंद होतं. २०१० च्या जानेवारीत पुराने रेल्वेमार्ग तोडला तेव्हा अडकलेल्या पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं.

महिना कोणता

दक्षिण गोलार्ध असल्याने ऋतू उलटे, पण डोंगरात खरा फरक थंडी-उन्हाळ्याचा नसून कोरड्या-ओल्याचा आहे. मे ते सप्टेंबर कोरडा काळ: निळं आकाश, दुपारी कडक ऊन आणि रात्री कुस्कोत पाणी गोठायच्या बेतात. नोव्हेंबर ते मार्च पाऊस, जानेवारी-फेब्रुवारीत सर्वात जास्त. फेब्रुवारीत इंका ट्रेल, म्हणजे माचू पिक्चूला जाणारी जुनी पायवाट, दुरुस्तीसाठी बंदच ठेवतात. २४ जूनला कुस्कोत 'इंती रायमी' हा सूर्याचा उत्सव असतो. बघण्यासारखा आहे, पण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव गगनाला भिडतात. माझी पसंती मेच्या पहिल्या पंधरवड्याला: डोंगर अजून हिरवे, गर्दी अजून यायची असते. आपल्या शाळांच्या सुट्टीतही तो बसतो.

व्हिसा आणि पिवळं पुस्तक

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो आणि तो दिल्लीतल्या दूतावासातून मिळतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा (युरोपातले सामाईक व्हिसा असलेले देश) किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा, किंवा तिथला कायम रहिवास असेल, तर भारतीयांना पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. न्यू जर्सी किंवा लंडनच्या आपल्या मंडळींना यामुळे पेरू फार सोपं पडतं. नियम बदलतात, तेव्हा निघण्याआधी दूतावासाकडून खात्री करा. आणि विमान कुठून बदलणार तेही बघा: अमेरिकेतून जात असाल तर विमानतळाबाहेर पाय न टाकताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. युरोपातल्या विमानतळांचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट पीतज्वराची, म्हणजे डासांमुळे पसरणाऱ्या यलो फीव्हरची लस, आणि ती पेरूपेक्षा भारतासाठी जास्त महत्त्वाची. पेरू पीतज्वराच्या देशांच्या यादीत आहे. तिथून परतताना लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं पुस्तक, नसेल तर आपल्या विमानतळावर आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, मुंबई-पुण्यात अशी केंद्रं आहेत. तारीख आधी घ्यावी लागते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात आणि आता ते आयुष्यभर चालतं. साठीच्या पुढची मंडळी, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ही लस घेऊ नये. ज्यांना ती चालत नाही त्यांनी जंगलाचा टप्पाच गाळावा, हे माझं प्रामाणिक मत.

तिकिटं याच क्रमाने काढा

आंतरराष्ट्रीय विमानाच्या आधी माचू पिक्चूच्या तारखा बघा. रोज ४,५०० माणसांना प्रवेश असतो, ठरावीक गर्दीच्या दिवसांत ५,६०० पर्यंत; तरी जून ते ऑगस्टची चांगल्या वेळेची तिकिटं काही महिने आधी संपतात. तिकीट पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. परदेशी प्रौढासाठी साधं तिकीट १५२ सोल. एक सोल म्हणजे पंचवीस रुपयांच्या आसपास धरा.

तिकीट घेताना तुम्हाला मार्ग निवडायचा असतो आणि इथेच लोक फसतात. जून २०२४ पासून तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला वरच्या कड्यावरून जातो: जगप्रसिद्ध फोटो मिळतो, पण खालच्या शहरात शिरता येत नाही. तिसरा खालच्या भागातून जातो: सूर्यमंदिराचा परिसर जवळून दिसतो, पण तो फोटो नाही. दुसरा मार्ग दोन्ही देतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने डोळे मिटून दुसरा घ्यावा. तो सर्वात आधी संपतो हे ओघाने आलंच. मागचं टोकदार शिखर, वायना पिक्चू, चढायचं असेल तर ते तिसऱ्या मार्गाच्या तिकिटात येतं. पायऱ्या अरुंद आणि अगदी उभ्या आहेत. हरिहर उतरताना ज्याचे पाय लटपटले असतील त्याने नाद सोडावा.

सगळी तिकिटं संपली असतील तर आग्वास काल्येंतेसमध्ये रोज साधारण हजार तिकिटं समोरासमोर विकतात, पुढच्या दिवसांसाठी. रांगा लागतात आणि मार्ग मिळेल तो घ्यावा लागतो. हाताशी दोन दिवस असतील तरच या वाटेला जा.

मग रेल्वे, मग देशांतर्गत विमानं, मग जंगलातलं लॉज, हॉटेलं सर्वात शेवटी. सगळीकडे नाव आणि क्रमांक पासपोर्टवर आहे तस्साच. आमच्या एजंटने बायकोचं नाव आणि आडनाव उलटंसुलटं करून टाकलं होतं. प्रवेशद्वारावर पहाटे सव्वासहाला, मागे पन्नास माणसांची रांग, आणि तिकीट तपासणारी बाई एकदा पासपोर्टकडे, एकदा कागदाकडे, एकदा आमच्याकडे बघतेय. सोडलं शेवटी. पण त्या पाच मिनिटांत मला मराठीतल्या यच्चयावत शिव्या आठवल्या. मधल्या काळात पासपोर्ट नवा केला असेल तर जुनाही सोबत ठेवा.

पहिले तीन दिवस: हळू चाला

दरीत पोहोचल्यावर पहिला दिवस काही करायचं नाही. खरंच काही नाही. भरपूर पाणी, हलकं जेवण, दारू बंद, जिना चढताना आजोबांचा वेग. डोकं थोडं जड होणं, भूक मंदावणं, रात्री मध्येच जाग येणं हे चालायचंच. डॉक्टरांच्या सल्ल्याने उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइड ही गोळी घेणार असाल तर वर जाण्याच्या आदल्या दिवसापासून सुरू करतात. सहसा १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला सारखं जावं लागतं, घाबरू नका.

घाबरायचं कधी? बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यात फेस येत असेल, सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली न्यायचं आणि दवाखाना गाठायचा. छातीत किंवा मेंदूत पाणी साठत असल्याची ती लक्षणं आहेत. प्रवास विमा काढताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे हे वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये बारीक अक्षरात मर्यादा असते.

हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा समोर येईल. पेरूत तो कायदेशीर आहे, शेतकरी पिढ्यानपिढ्या ही पानं चघळतात. प्यायला हरकत नाही, चव आपल्या वाळक्या गवती चहाच्या जवळपास. मात्र त्यानंतर काही दिवस नशेच्या चाचणीत तो दिसू शकतो, आणि एकही पान किंवा चहाची पुडी भारतात आणायची नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात ती बसते. नको असेल तर 'मुन्या' नावाच्या डोंगरी पुदिन्याचा चहा मागा. पोटाला जास्त बरा, आणि मला तर चवीलाही.

दुसऱ्या दिवशी ओयांतायतांबो. याच्यासाठी अर्धा दिवस ठेवतात, मी म्हणतो पूर्ण ठेवा. गावाची आखणी अजून इंकांचीच आहे: सरळ अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंना दगडी जोती, कडेने खळखळ वाहणारे पाट आणि त्यांवर आजही राहणारी घरं. वरच्या गढीत सहा अजस्र गुलाबी शिळा एका रांगेत उभ्या आहेत. त्यांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात, काचिकाता इथे, काही किलोमीटरवर आहे. म्हणजे दगड त्या डोंगरावरून खाली आणले, नदी पार केली आणि या डोंगरावर चढवले. तेही चाक आणि बैलाशिवाय. वाटेत सोडून दिलेले दगड अजून पडलेले आहेत, लोक त्यांना 'दमलेले दगड' म्हणतात. सान ब्लासच्या पायरीवर दमलेल्या मला ते नाव ऐकून फार आपलेपणा वाटला. १५३७ मध्ये याच गढीवरून मांको इंका या राजाने स्पॅनिश सरदार एर्नांदो पिसारोच्या सैन्याला मागे रेटलं होतं. पाट फोडून खालच्या मैदानात पाणी सोडलं आणि स्पॅनिश घोडे चिखलात रुतवले, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी गाडी करून मोराय आणि मारास. मोरायला एकात एक गोल उतरत जाणाऱ्या शेताच्या पायऱ्या आहेत. वरच्या आणि खालच्या पायरीच्या हवेत फरक पडतो, म्हणून हे पिकांच्या प्रयोगांचं ठिकाण असावं असा एक अंदाज आहे. मारासला डोंगरउतारावर मिठागरं, हजारो. समुद्र कुठेच नाही. एका खाऱ्या झऱ्याचं पाणी वाफ्यावाफ्यांतून फिरवतात. मिठागराचं तिकीट वेगळं. बाकी बहुतेक ठिकाणांसाठी 'बोलेतो तुरीस्तिको' हे एकत्रित तिकीट घ्या: १३० सोल, दहा दिवस, सोळा ठिकाणं. पिसाक, ओयांतायतांबो, मोराय आणि कुस्कोच्या वरची साक्सायवामान ही इंका गढी, सगळं त्यात येतं.

माचू पिक्चूची सकाळ

मोठी बॅग ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवा, रेल्वेत एका छोट्या पिशवीचीच मुभा असते. पावणेदोन तासांचा प्रवास आहे, नदी डाव्या हाताला राहते म्हणून जाताना डावी खिडकी. गाडीचा रस्ता माचू पिक्चूपर्यंत नाहीच. पैसे वाचवायचे असतील तर हिद्रोएलेक्त्रिका नावाच्या ठिकाणापर्यंत वळणावळणाच्या रस्त्याने गाडीने जाऊन पुढे रुळांच्या कडेने दहा किलोमीटर चालतात. तरुणांनी करावं. पावसाळ्यात कोणीच करू नये, दरडी कोसळतात.

आग्वास काल्येंतेसहून वर जायला बस, साधारण अर्धा तास. चालत दीड तास, सगळा पायऱ्यांचा चढ. बसची रांग अंधारातच लागते. पहाटे सहाचं तिकीट सगळ्यांना हवं असतं, पण कोरड्या दिवसांतही त्या वेळी दरी बऱ्याचदा धुक्याने भरलेली असते आणि लोक पांढऱ्या पडद्याचे फोटो काढून परततात. आठ ते दहाच्या दरम्यानची वेळ मला जास्त पटते.

शौचालय प्रवेशद्वाराबाहेरच आहे आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत. खाणं न्यायचं नाही, मोठी सॅक नाही, काठीच्या टोकाला रबर हवं. घोट्यांना चावणारे बारीक माश्यांसारखे कीटक असतात, अर्ध्या चड्डीतले लोक आठवडाभर खाजवत बसतात.

आत गेल्यावर फोटो झाला की भिंतींपेक्षा पाण्याकडे बघा, असं मी सांगेन. इथे वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. दोन शिखरांमधल्या खोगिरावर, उभ्या उतारावर वसवलेलं हे गाव पाचशेहून जास्त वर्षांत घसरून खाली गेलं नाही, कारण शेताच्या प्रत्येक पायरीखाली थर लावलेले आहेत: तळाला मोठे दगड, वर खडी, मग वाळू, सर्वात वर माती, बहुधा खालच्या दरीतून वाहून आणलेली. पाणी झिरपत उतरतं, धावत नाही. गावाच्या मधोमध सोळा कारंज्यांची माळ आहे, एकाचं पाणी खालच्यात. पाचाकुती या राजाच्या काळात, पंधराव्या शतकात हे उभं राहिलं. २४ जुलै १९११ रोजी अमेरिकन अभ्यासक हायरम बिंगहॅम इथे पोहोचला आणि जगाला ठिकाण कळलं. पण त्याला वाट दाखवणारा मेल्चोर आर्तेआगा खालच्या दरीतलाच शेतकरी होता, आणि वर त्या वेळीही कुटुंबं राहून याच पायऱ्यांवर पिकं घेत होती. 'शोध लागला' हा शब्द वापरताना मी तेव्हापासून जरा अडखळतो.

इंतिवाताना हा सूर्याचा कोरीव दगड जवळून बघू देतील की नाही हे मार्गावर अवलंबून. २००० साली एका बिअरच्या जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेनचा भाग आदळून त्याचा टवका उडाला. तेव्हा पहारेकरी शिट्टी वाजवतो म्हणून वैतागू नका.

कुस्को

आता वर चढायचं. आतून हेमाडपंती देवळं बघितलेल्या माणसाला कुस्कोच्या भिंती आवडतातच: तीच चुन्याशिवायची रचना, दगडात दगड. फरक असा की इथे प्रत्येक दगडाचा आकार वेगळा. आतुनरुमियोक गल्लीतल्या एका दगडाला बारा कोन आहेत आणि बाराही कोन शेजारच्या दगडांशी नेमके जुळलेले. नख शिरत नाही. भिंती किंचित आत कललेल्या, दरवाजे वर निमुळते, भूकंपासाठी. कोरिकांचा या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी चर्च बांधलं. १९५० च्या भूकंपात वरच्या चर्चचं मोठं नुकसान झालं आणि गिलाव्याखाली दडलेल्या इंका भिंती मोकळ्या झाल्या. तिकीट वेगळं, पण चुकवू नका. साक्सायवामानला टॅक्सीने वर जा आणि चालत खाली या. उलट करू नका.

'सात रंगांचा डोंगर' म्हणून जो फोटो सगळीकडे दिसतो तो विनिकुंका ५,००० मीटरच्या वर आहे. पहाटे तीनला उठवतात, सहा-सात तास गाडीत बसवतात. मी गेलो नाही आणि हळहळतही नाही.

ट्रेक करायचा असेल तर तो कुस्कोनंतर. चार दिवसांच्या इंका ट्रेलवर रोज पाचशे माणसांनाच सोडतात, त्यात हमाल आणि वाटाडेही आले. म्हणजे पर्यटक दोनशेच्या आसपास. परवाना नावावर असतो, बदलून मिळत नाही, आणि परवानाधारक कंपनीमार्फतच घ्यावा लागतो. सर्वात उंच खिंड ४,२१५ मीटर. साल्कांतायला परवाना लागत नाही आणि बर्फाचे डोंगर जवळून दिसतात, पण थंडी आणि उंची दोन्ही जास्त. कंपनी निवडताना विचारा की हमालाच्या पाठीवर किती किलो आणि त्याला झोपायला तंबू कसला. कायद्याने मर्यादा वीस किलोची आहे. उत्तर द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडे जाऊ नका.

ताटाविषयी

शाकाहारी म्हणवून घेतलंत तर कोंबडी समोर येईल, कारण 'कार्ने' म्हणजे त्यांच्या लेखी लाल मांस. पाठ करा: 'नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो'. मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत. सूपाबद्दल वेगळं विचारा, भाज्यांचं सूपही कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. किनवा या धान्याचं सूप, चीज लावलेलं टपोऱ्या दाण्यांचं मक्याचं कणीस, अवोकाडो, आणि बटाटे. बटाट्याचं हे माहेर. बाजारात जांभळे, काळपट, बोटांसारखे वाकडे असे ढिगाने दिसतात. कुस्कोत पाणी नव्वद अंशांच्याही आत उकळतं, त्यामुळे सोबत नेलेल्या खिचडीच्या पाकिटाला वेळ लागतो आणि चहा कधीच नीट कडक होत नाही.

एकादशी तिथे आली तेव्हा लक्षात आलं: बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा, ही सगळी अमेरिका खंडातून आलेली. आपलं उपासाचं ताट पाचशे वर्षांपूर्वीच्या महाराष्ट्रात कोणाला ओळखूही आलं नसतं. जंगलातल्या लॉजवर कसाव्याचे तळलेले तुकडे आले, वर मीठ. बायको म्हणाली, 'चला, दाण्याचं कूट तेवढं राहिलं.'

गल्लीत एखाद्या घराबाहेर काठीला लाल पिशवी लटकवलेली दिसली तर आत मक्याची आंबवलेली 'चिचा' मिळते. पोट नाजूक असेल तर जांभळ्या मक्याचं गोड सरबत, 'चिचा मोरादा', प्या.

जंगल

कुस्कोहून पुएर्तो माल्दोनादोला विमान तासाभरात पोहोचतं. उतरताना खिडकीतून हिरव्या गालिच्यात मातकट डबकी दिसतील, ती बेकायदा सोन्याच्या खाणींची. सोनं वेगळं करायला पारा वापरतात, तो नदीत आणि माशांत उतरतो.

राहायचं तांबोपाता नदीकाठच्या एखाद्या लॉजमध्ये. शहरापासून जितकं लांब, तितके प्राणी जास्त आणि बिल जास्त. होडीने तास-दोन तासांवरचं लॉज तीन रात्रींसाठी ठीक. वीज ठरावीक वेळीच असते, म्हणून डोक्याला बांधायची विजेरी आणि पॉवर बँक हवी. फिकट रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे न्या. जीन्स एकदा भिजली की परत वाळत नाही. गमबूट लॉजवर मिळतात, मोजे उंच हवेत. डासांसाठी डीईईटी असलेलं मलम. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का ते डॉक्टर ठरवतील. आणि एक गरम कपडा. हसू नका: मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून 'फ्रियाहे' नावाची थंड हवेची लाट येते आणि पारा एका रात्रीत दहा-बारा अंशांवर उतरतो. आमच्या होडीतले सगळे लाइफ जॅकेट गळ्यापर्यंत ओढून कुडकुडत बसले होते.

ताडोबाच्या हिशोबाने जाऊ नका. इथे जिप्सीतून पाच मिनिटांत वाघ दाखवतात तसा जॅग्वार दिसत नाही. पावसाळी जंगल हे आधी कानांचं. हाऊलर माकडांचा आवाज पहाटे चारला लांबून आला तेव्हा मला वादळ येतंय असं वाटलं. दुपारी अकरा ते तीन काही दिसत नाही, तेव्हा हॅमॉक. रात्रीची फेरी मात्र चुकवू नका. वाटाड्याने विजेरी पाण्यावर मारली की केमन मगरींचे डोळे निखाऱ्यांसारखे पेटतात. झाडाला हात लावायच्या आधी बघायचं, ही सवय पहिल्या तासातच लावून घ्या; इथल्या मुंग्यांचा दंश विंचवाच्या वरताण असतो.

एक सकाळ 'कोल्पा'साठी ठेवा. कोल्पा म्हणजे नदीकाठचा मातीचा उभा कडा, जिथे मकाव पोपट माती खायला येतात. आम्ही साडेपाचला समोरच्या वाळूवर स्टुलं टाकून बसलो. अर्धा तास काहीच नाही. मग छोटे हिरवे पोपट आले, गोल फिरले, झाडावर बसून भांडले. मग दोन लाल मकाव, मग सहा. एकही खाली उतरेना. आधी कोणी जायचं यावर जणू बैठक चाललेली. एक धीट पक्षी उतरला आणि पाच मिनिटांत तो तांबडा कडा लाल, निळा, पिवळा झाला. वाटाड्याने सांगितलं त्यात तथ्य आहे: समुद्रापासून इतक्या आत पावसाच्या पाण्यात आणि झाडपाल्यात सोडियम फार कमी असतो, तो ते या मातीतून मिळवतात. वर एक ससाणा घिरटी घालून गेला आणि क्षणात सगळं रिकामं. पाऊस असेल तर पोपट येत नाहीत, म्हणून लॉजवाल्यांना ही सफर पहिल्याच सकाळी ठेवायला सांगा. हुकली तर दुसरी संधी राहते.

सांदोवाल सरोवरावर वल्ह्यांच्या होडीने गेलात तर महाकाय पाणमांजरं दिसण्याची शक्यता आहे, आणि ओआत्सिन हा तुरेवाला पक्षी हमखास. तो पानं खातो आणि गाईसारखी आंबवून पचवतो. वारा तुमच्याकडे असेल तर वासावरून कळतं. वाटेत ब्राझील नटचं झाड दिसेल. त्याच्याखाली फोटोसाठी उभं राहू नका, नारळाएवढी कठीण फळं पन्नास मीटरवरून पडतात.

आयावास्का नावाचा काढा 'अनुभवा'साठी विकणारे भेटतील. नैराश्यावरची औषधं घेणाऱ्याला तो जिवावर बेतू शकतो. बाकीच्यांनाही माझं उत्तर 'नको'.

बारीकसारीक

डॉलर न्यायचे तर कोऱ्या नोटा न्या, कोपरा फाटलेली नोट कोणी घेत नाही. सुट्टे सोल जवळ ठेवा. नळाचं पाणी पिऊ नका. कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या टोपलीत टाकायचा. आपल्या जाड पिनांचे प्लग चालत नाहीत, मोबाइल चार्जरचा बारीक दोन पिनांचा चालतो. कुस्कोत डोंगराचं ऊन थंड वाटतं म्हणून टोपी काढाल आणि संध्याकाळी नाकाची साल निघेल.

परतीच्या बॅगेतून कोकाचा चहा आठवणीने बाहेर काढा, मित्राने भेट दिलेला असला तरी. लसीचं पिवळं पुस्तक मात्र बॅगेत नको, पासपोर्टसोबत हातात ठेवा. घरी आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, किंवा चावलेल्या जागी न भरणारी जखम राहिली, तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं: 'मी ॲमेझॉनच्या जंगलातून आलोय.'